छोट्या गाडीची बॅटरी : हिशेब जमेचा आणि खर्चाचा

वार्षिक परीक्षा संपल्या की बंगळुरूच्या निवासी संकुलांतील वाहनतळ आणि गच्च्या मुलांच्या ताब्यात जातात. सायकली, बॅडमिंटन आणि क्रिकेट यांच्या जोडीला रिमोटवर धावणाऱ्या छोट्या गाड्याही तेथे हमखास दिसतात. वाढदिवसाला भेट आलेली अशी गाडी पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे भरधाव पळते. सुटी संपेपर्यंत ती पंधरा मिनिटांवर येते आणि दसऱ्याच्या सुमारास पाच मिनिटांतच धापा टाकू लागते. 'बॅटरीच खराब निघाली' असा निकाल घरात दिला जातो, नवीन पॅक आणला जातो आणि काही महिन्यांनी तीच कथा पुन्हा घडते.

या निकालात बहुतेक वेळा बॅटरीवर अन्याय झालेला असतो. पुन्हापुन्हा चार्ज होणारी बॅटरी वापराने झिजते हे खरे, पण तिचे आयुष्य अकाली संपते ते बहुधा चुकीच्या भरण्यामुळे, प्रमाणाबाहेर रिकामी केल्यामुळे आणि उष्णतेमुळे. या चुका टाळणे अवघड नाही. त्यासाठी बॅटरीच्या आत काय घडते याची थोडी ओळख आणि जमाखर्च ठेवणाऱ्याची शिस्त एवढेच पुरेसे असते. ही शिस्त केवळ पैसे वाचवत नाही. काही प्रकारच्या बॅटऱ्यांच्या बाबतीत ती घराचेही रक्षण करते.

आत हिशेबनीस नसलेला पॅक

मोबाइल फोन रात्रभर चार्जिंगला लावला तरी सहसा बिघडत नाही. मग खेळण्यातील गाडीचाच पॅक का बिघडतो, असा प्रश्न साहजिकच पडतो. फोनच्या आत बॅटरीबरोबर एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल बसवलेले असते. बॅटरी भरली की ते भरणे थांबवते, फार रिकामी होऊ लागली की फोन बंद करते आणि तापमान वाढले की विजेचा प्रवाह कमी करते. थोडक्यात, फोनमध्ये एक दक्ष हिशेबनीस चोवीस तास कामावर असतो.

बंगळुरूकरांना या हिशेबनीसाचे महत्त्व एका वेगळ्या गाडीने फार पूर्वीच दाखवले. २००१ साली या शहरातून 'रेवा' ही विजेवर चालणारी छोटी मोटार बाजारात आली. तिच्यामागे चेतन मैनी यांचे नेतृत्व होते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकत असताना ते १९९० च्या सौर मोटारींच्या शर्यतीत उतरलेल्या विद्यार्थी चमूत होते. 'रेवा'मध्ये ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या आणि त्यांच्या भरण्यावर व खर्चावर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही होती. ब्रिटनमध्ये ही मोटार 'जी-विझ' या नावाने विकली गेली. २०१० मध्ये महिंद्र समूहाने या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरील 'ई२ओ' ही पुढची मोटार आली. बॅटरीचा प्रकार बदलला, पण देखरेख सुटली नाही. उलट ती अधिक बारकाईची झाली. आजच्या विजेवरील मोटारींत आणि स्कूटरींतही बॅटरीतील घटांवर सतत लक्ष ठेवले जाते.

छोट्या गाडीच्या पॅकमध्ये असा हिशेबनीस बहुधा नसतोच. वजन आणि किंमत कमी राहावी, मोटरला एकदम मोठा प्रवाह मिळावा, म्हणून पॅक अगदी साधा ठेवलेला असतो : काही घट, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, दोन वायर आणि एक कनेक्टर. हिशेब ठेवण्याचे काम त्यामुळे अर्धे चार्जरवर आणि अर्धे मालकावर येते. चार्जरही अगदी स्वस्त असेल, तर सारी जबाबदारी मालकाचीच.

पॅकवरील आकडे

पॅकवर छापलेले आकडे वाचता आले की निम्मे काम होते. समजा, पॅकवर '७.२ व्होल्ट, ३००० मिलिअँपिअर-तास' असे लिहिले आहे. व्होल्ट हा विजेचा दाब होय. निकेलवर आधारित एका घटाचा दाब सुमारे १.२ व्होल्ट असतो, म्हणजे ७.२ व्होल्टच्या पॅकमध्ये असे सहा घट एकापुढे एक जोडलेले आहेत. मिलिअँपिअर-तास हा साठ्याचा आकडा आहे. ३००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३ अँपिअर-तास. असा पॅक ३ अँपिअरचा प्रवाह सुमारे एक तास देऊ शकतो. गाडीची मोटर पळताना सरासरी १२ अँपिअर घेत असेल, तर हाच साठा सुमारे पंधरा मिनिटांत संपतो.

चार्जिंगचा वेग सांगताना जाणकार इंग्रजी 'सी' हे अक्षर वापरतात. पॅकचा साठा जेवढे अँपिअर-तास, तेवढ्याच अँपिअरने भरणे म्हणजे '१ सी'. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकसाठी १ सी म्हणजे ३ अँपिअर. त्याचा दहावा भाग म्हणजे ०.३ अँपिअर हा सावकाश भरण्याचा वेग झाला.

आता खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्यात बहुधा ७०० मिलिअँपिअर-तासांचा छोटा पॅक असतो आणि सोबतच्या चार्जरवर २५० मिलिअँपिअर असे छापलेले असते. ७०० ला २५० ने भागले की २.८ तास येतात. निकेलच्या बॅटरीत भरलेली सगळी वीज साठत नाही, काही उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून हा वेळ १.४ ने गुणावा. उत्तर येते सुमारे चार तास. अशा स्वस्त चार्जरला पॅक भरल्याचे बहुधा कळत नाही. तो रात्री नऊला लावून सकाळी सातला काढला, तर चार तासांचे काम दहा तास चालते. वरचे सहा तास पॅक केवळ शिजत राहतो. पाच मिनिटांत धापा टाकणाऱ्या पुष्कळशा गाड्यांचे रहस्य या साध्या गुणाकारात दडलेले आहे.

निकेलचे घराणे

निकेल-कॅडमियम बॅटरीचा शोध स्वीडनचे वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये लावला. रिमोटवरील विजेच्या मोटारींचा छंद १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने आणलेल्या पोर्श ९३४ च्या छोट्या प्रतिकृतीनंतर जगभर फोफावला. पुढची अनेक वर्षे या गाड्या निकेल-कॅडमियमवरच धावल्या. कॅडमियम हा विषारी धातू असल्याने आणि साठाही जास्त हवा असल्याने १९८९ च्या सुमारास बाजारात आलेल्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीने हळूहळू तिची जागा घेतली. आज खेळण्यातील आणि नवशिक्यांच्या गाड्यांत हीच बॅटरी मोठ्या प्रमाणावर आढळते.

ही बॅटरी भरत आली की तिच्या धन पट्टीवर प्राणवायू निर्माण होऊ लागतो. तो ऋण पट्टीकडे जाऊन पुन्हा शोषला जातो आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणून भरलेला पॅक हाताला गरम लागतो आणि त्याच क्षणी त्याचा दाब वाढायचा थांबून किंचित खाली येतो. चांगला स्वयंचलित चार्जर हाच किंचित उतार ओळखून बंद होतो. निकेलसाठी चार्जर घेताना त्यात ही सोय आहे का, हे प्रथम पाहावे. असा चार्जर असल्यास ३००० मिलिअँपिअर-तासांचा पॅक १ सी वेगाने, म्हणजे ३ अँपिअरने, सव्वा तासाच्या आत भरता येतो. प्रवाह फार कमी ठेवला, तर दाबातील उतार इतका पुसट होतो की चार्जरच्या तो लक्षातच येत नाही. म्हणून 'सावकाश ते सुरक्षित' हा नियम या चार्जरला सरसकट लागू पडत नाही. साधा चार्जर असल्यास मात्र साठ्याच्या दहाव्या भागाएवढा प्रवाह आणि चौदा ते सोळा तास हे जुने प्रमाण पाळावे आणि घड्याळाचा गजर लावावा.

निकेल बॅटरीविषयी एक समज घट्ट बसलेला आहे : बॅटरी पूर्ण रिकामी केल्याशिवाय चार्ज करू नये. याचे मूळ 'स्मृतिदोषा'त आहे. दर वेळी अगदी ठरावीक प्रमाणातच रिकामी होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी जणू तेवढेच काम लक्षात ठेवते आणि पुढे अधिक वीज मागितली की तिचा दाब खाली येतो. पृथ्वीभोवती ठरावीक वेळाने सावलीत जाणाऱ्या उपग्रहांतील बॅटऱ्यांच्या संदर्भात या दोषाचा बराच अभ्यास झाला. बंगळुरूच्या पीण्या भागात घडवलेल्या आणि १९ एप्रिल १९७५ रोजी प्रक्षेपित झालेल्या 'आर्यभट' या भारताच्या पहिल्या उपग्रहातही निकेल-कॅडमियम बॅटरीच होती. परंतु मुलांच्या हातातील गाडी इतक्या नेमाने कधीच चालत नाही. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये हा दोष आणखी सौम्य असतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पॅक मर्यादेत रिकामा करून पुन्हा पूर्ण भरला, तरी पुरे.

'पूर्ण रिकामी' या शब्दांचा अतिरेक मात्र घातक ठरतो. सहा घटांपैकी सर्वांचा साठा तंतोतंत सारखा कधीच नसतो. सर्वांत दुबळा घट आधी रिकामा होतो आणि उरलेले पाच घट त्याच्यातून उलट्या दिशेने प्रवाह ढकलतात. त्या घटाची धन-ऋण टोके उलटतात, आत वायू होतो आणि तो कायमचा दुबळा पडतो. गाडीचा वेग एकदम एक पायरी उतरल्यासारखा कमी झाला, तर हीच घटना सुरू झाली आहे असे समजावे. गाडी तेथेच थांबवावी. 'आणखी एकच फेरी' हा हट्ट पॅकच्या आयुष्यातील कित्येक फेऱ्या खाऊन टाकतो.

निकेल बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप रिकामी होते. साध्या निकेल-मेटल हायड्राइड पॅकचा साठा महिन्याभरात बऱ्यापैकी घटतो. २००५ पासून बाजारात आलेल्या कमी गळतीच्या घटांत हे प्रमाण बरेच कमी आहे. तरीही शाळा सुरू झाल्यावर कपाटात गेलेला पॅक दोन-तीन महिन्यांतून एकदा बाहेर काढून भरून ठेवावा.

लिथियमचे घराणे

अधिक वेगवान गाड्यांत लिथियम-पॉलिमर पॅक वापरतात. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियम-पॉलिमर हा तिचाच एक प्रकार. धातूच्या नळकांड्याऐवजी त्याचे घट मऊ, चपट्या पाकिटांत असतात. तेवढ्याच वजनात हा पॅक निकेलपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा साठवतो. तो अधिक काटेकोर वागणूकही मागतो.

लिथियमच्या एका घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. वापरताना तो सुमारे ३.३ व्होल्टवर आला की थांबणे उत्तम आणि ३ व्होल्टच्या खाली तर तो कधीच जाऊ देऊ नये. खात्यात किमान शिल्लक राखावी लागते, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की खात्यातील त्रुटी नंतर भरून निघते. लिथियम घटाची किमान शिल्लक मोडली, तर झालेले नुकसान भरून निघत नाही. गाडीतील वेगनियंत्रकात 'लिथियम' हा पर्याय निवडलेला असेल, तर तो वेळीच मोटर थांबवतो. जुन्या, निकेलसाठी बनवलेल्या गाडीत ही सोय नसते. तिच्यात लिथियम पॅक घालायचाच असेल, तर पॅकच्या छोट्या कनेक्टरला लावायचा शिट्टीचा लहानसा इशारायंत्र जोडावा.

लिथियम पॅकला दोन कनेक्टर असतात. जाड वायरींचा मोटरसाठी आणि बारीक वायरींचा समतोल राखण्यासाठी. हा दुसरा कनेक्टर अनेकांना अनावश्यक वाटतो. वस्तुतः पॅकचा प्राण तोच आहे. दोन घटांचा पॅक पूर्ण भरल्यावर एकूण दाब ८.४ व्होल्ट हवा. चार्जरवर नेमका ८.४ हा आकडा दिसत असताना आतील एक घट ४.३ आणि दुसरा ४.१ व्होल्टवर असू शकतो. बेरीज बरोबर, पण दोन्ही खाती चुकलेली! पहिला घट धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेला असतो आणि बेरीज ते लपवते. बारीक कनेक्टर जोडला की चार्जर प्रत्येक घट स्वतंत्रपणे तपासून दोघांना एका पातळीवर आणतो. म्हणून लिथियम पॅक नेहमी समतोल पद्धतीनेच भरावा आणि वेग १ सी पेक्षा जास्त ठेवू नये.

एक चूक मात्र एकदाही होता कामा नये. निकेलच्या पद्धतीवर ठेवलेल्या चार्जरला लिथियम पॅक जोडू नये. निकेल पद्धतीत चार्जर दाबातील उताराची वाट पाहतो. लिथियममध्ये तसा उतार येत नाही. चार्जर वाट पाहत राहतो, पॅक भरतच जातो आणि शेवटी पेट घेतो. बटण दाबण्यापूर्वी बॅटरीचा प्रकार, घटांची संख्या आणि प्रवाह हे तीन आकडे मोठ्याने वाचण्याची सवय मुलांना लावावी. शाखेत रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहून घेतात, त्यामागचा हेतू हाच असतो.

साठवणीतही दोन घराण्यांची रीत निराळी. घरातील इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी सतत भरलेली असावी लागते. रिकामी ठेवली तर ती बिघडते. हीच सवय लिथियमला लावली जाते आणि तेथे ती चुकते. पूर्ण भरलेला लिथियम पॅक आठवडेच्या आठवडे पडून राहिला की आतील रसायनांची झीज वाढते आणि पॅक फुगण्याचा संभव असतो. खेळ काही दिवस बंद राहणार असेल, तर प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर, म्हणजे जवळजवळ निम्मा भरलेला ठेवावा. चांगल्या चार्जरवर यासाठी 'स्टोरेज' नावाचे स्वतंत्र बटण असते.

उष्णता आणि खंडित वीज

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील बंगळुरूचे हवामान बॅटरीला मानवणारे आहे. तरी एप्रिलच्या दुपारी गच्चीचा सिमेंटचा पृष्ठभाग किंवा उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीचा अंतर्भाग बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. पॅक तेथे विसरू नये. नागपूर, सोलापूर किंवा जळगावला सुटीत जाणाऱ्या कुटुंबांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

पळून आलेली गाडी थांबली की तिचा पॅक गरम असतो. तो तसाच चार्जरला लावणे ही मुलांची नेहमीची घाई. पॅक गाडीतून काढून सावलीत अर्धा तास ठेवावा, हाताला थंड लागला की मगच भरावा. भरून झाल्यावरही थोडा वेळ जाऊ द्यावा. दोन पॅक आलटून पालटून वापरले, तर मुलांचा वाट पाहण्याचा त्रास वाचतो आणि दोन्ही पॅकांना विश्रांती मिळते.

वीज जाण्या-येण्याचा परिणामही ध्यानात घ्यायला हवा. काही चार्जर पॅकची स्थिती न पाहता केवळ घड्याळावर चालतात. चार तासांपैकी तीन तास झाले असताना वीज गेली आणि परत आली, तर असा चार्जर पुन्हा पहिल्यापासून चार तास मोजू लागतो. पॅकला चारऐवजी सात तासांचा भरणा होतो. वीज गेली की प्लग काढून ठेवावा आणि उरलेला वेळ स्वतः मोजावा.

घरातील सुरक्षितता

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा पुढे मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये वेल्लोर येथे इलेक्ट्रिक दुचाकीला लागलेल्या आगीच्या धुराने गुदमरून पिता आणि कन्या यांचा अंत झाला. त्या वर्षी घडलेल्या अशा घटनांनंतर वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे सुरक्षा निकष केंद्र सरकारने अधिक कडक केले. छोट्या गाडीचा पॅक स्कूटरच्या बॅटरीपेक्षा फार लहान असतो. पण घराण्याचे रक्त एकच. पडद्याला किंवा गादीला आग लागण्यासाठी तेवढा पॅक पुरेसा असतो.

दोन्ही दुर्घटना घरातील माणसे झोपेत असतानाच्या आहेत. म्हणून पहिला नियम : रात्री झोपताना किंवा घराबाहेर जाताना लिथियम पॅक चार्जिंगला ठेवू नये. दुसरा नियम जागेचा. पलंग, सोफा, लाकडी कपाट, पुस्तकांचा ढीग यांपासून दूर, फरशीवर किंवा कडप्प्याच्या ओट्यावर चार्जिंग करावे. अग्निरोधक पिशवी मिळते, ती वापरावी. मात्र ती आहे म्हणून नजर हटवू नये. घराबाहेर पडण्याचा दरवाजा आणि चार्जर यांची जागा एक नसावी. आग लागली तर बाहेर जाण्याची वाटच बंद होते.

तिसरा नियम फुगलेल्या पॅकचा. पाकीट फुगले, दबले, चिरले किंवा त्याला गोडसर उग्र वास येऊ लागला, तर तो पॅक पुन्हा चार्ज करू नये. टाचणीने टोचून हवा काढण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. आतील पदार्थ हवेच्या संपर्कात येऊन पेट घेऊ शकतात. गाडी जोरात आदळल्यानंतरही पॅक बाहेर काढून काही काळ मोकळ्या जागी, नजरेसमोर ठेवावा. धूर दिसलाच तर तो विषारी असतो, हे लक्षात ठेवून सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

प्रवास, खरेदी आणि पासबुक

सुटीत बंगळुरूहून पुण्या-मुंबईला विमानाने जाताना मुलांची गाडी सोबत असते. सुटे लिथियम पॅक सामानाच्या पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत न्यावे लागतात. विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येणाऱ्या पॅकची मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. ७.४ व्होल्ट, ५००० मिलिअँपिअर-तासांचा पॅक म्हणजे ७.४ गुणिले ५, अर्थात ३७ वॅट-तास. तो या मर्यादेत सहज बसतो. कनेक्टरची टोके चिकटपट्टीने झाकावीत आणि प्रवासापूर्वी त्या त्या विमान कंपनीचे नियम पाहून घ्यावेत.

बंगळुरूतील एस. पी. रोडवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने ओळीने आहेत आणि तेथे नाना प्रकारचे पॅक व चार्जर मिळतात. खरेदी करताना आकाराच्या मानाने अवाजवी साठा छापलेल्या पॅकपासून सावध राहावे. पॅकपेक्षा चार्जरवर थोडे अधिक खर्च करणे हिताचे. चांगला चार्जर अनेक पॅक जगवतो, वाईट चार्जर चांगला पॅकही संपवतो. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे, तेही पाहावे. कनेक्टर गाडीच्या कनेक्टरशी जुळतो ना आणि लाल-काळ्या वायरींचा क्रम तोच आहे ना, हे दुकानातच तपासावे.

शेवटचे साधन सर्वांत स्वस्त आहे : एक वही. प्रत्येक पॅकवर क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहावा. वहीत तारीख, भरणा किती मिलिअँपिअर-तासांचा झाला, गाडी किती मिनिटे चालली आणि पॅक किती गरम झाला एवढ्या चार नोंदी कराव्यात. हे पॅकचे पासबुकच होय. ३००० मिलिअँपिअर-तासांचा पॅक मर्यादेपर्यंत चालवूनही दर वेळी २००० च्याच आसपास भरणा घेऊ लागला, तर तो थकत चालला आहे हे वही सांगते. एकदम पाच मिनिटांवर उतरला, तर एखादा घट दगा देत आहे हेही तीच सांगते. नवीन पॅक कधी घ्यायचा, हे मग तर्काने नव्हे तर नोंदीवरून ठरते.

निरोप देताना

थकलेला पॅक ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत दाबला गेलेला लिथियम पॅक पेट घेतो आणि निकेल-कॅडमियममधील विषारी धातू माती-पाण्यात उतरतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि अशा बॅटऱ्या इतर कचऱ्यात न मिसळता स्वतंत्रपणे सुपूर्त करणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. टोकांना चिकटपट्टी लावून थकलेले पॅक कोरड्या जागी, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावेत आणि अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत.

छोटी गाडी चालवणाऱ्या मुलाला यातून जे मिळते, ते गाडीच्या वेगाहून मोठे आहे. साठा मर्यादित असतो, तो तळापर्यंत खरवडायचा नसतो, भरतानाही हात आखडता घ्यायचा असतो आणि बेरीज बरोबर दिसली तरी प्रत्येक खाते स्वतंत्र तपासायचे असते, हे धडे त्याला गच्चीवर खेळता खेळता मिळतात. उद्या हेच मूल विजेवरील स्कूटर किंवा मोटार चालवेल. तिच्यात हिशेबनीस बसवलेला असेल. पण तो काय आणि कशासाठी मोजतो हे ज्याने वहीत स्वतः मोजले आहे, त्याला त्याच्या इशाऱ्याचा अर्थ वेळीच कळेल.